तिसऱ्याबाई आणि न दिसणारा माळा

दिल्लीजवळच्या मानेसरच्या सुमनताईंचं घर भाऊबीजेच्या सकाळी शॉर्ट सर्किटनं जळालं, आणि होळीच्या आठवड्यात विमा कंपनीनं लेखी कळवलं की त्या घराला माळा नव्हताच. नवरा फौजेत, सीमेवर. बाई दोन मुलांसह शेजाऱ्यांच्या खोलीत. माळा वगळून मिळणाऱ्या भरपाईत छप्परसुद्धा उभं राहत नव्हतं.

पॉलिसीत एक कलम होतं, कुणी न सांगितलेलं. नुकसान किती, यावर वाद झाला तर दोन्ही बाजूंनी आपापला जाणकार नेमायचा, त्या दोघांनी मिळून तिसरा निवडायचा. तिघांपैकी दोघांच्या सह्या झाल्या की निकाल पक्का. त्या तिसऱ्या खुर्चीवर बसायच्या म्हणून त्या तिसऱ्याबाई. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त इंजिनियर, अंगात दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातला पुरुषी स्वेटर. निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंचा चहा त्यांना वर्ज्य.

अशा विमादारांना मदत करणारी मी; सुमनताईंसाठी काढलेल्या पत्रकात मी कंपनीला चोर म्हटलं होतं. तिसऱ्याबाईंनी तो शब्द खोडला. "चोर नको लिहूस गं. घरात काय काय होतं हे चोराला तरी ठाऊक असतं."

त्यांची एक रीत होती. जळक्या घरात कागद उघडायच्याच नाहीत. सुमनताईंना दारात उभं केलं. "चलो, डोळे मिटा. रोजच्यासारखं आत जाऊन चहा ठेवा."

"बाई, गॅस कुठाय आता?"

"असू दे. ठेवा."

सुमनताई काजळीतून चालत गेल्या. ओट्याशी पोचायच्या आधी त्यांनी मान खाली घातली, दोन पावलं वाकूनच चालल्या, मग सरळ झाल्या. वर मोकळं आभाळ होतं.

कंपनीचा जाणकार बघतच राहिला. तिसऱ्याबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "बघ बेटा, भिंतीत कुठे खाचा दिसतात का." त्यानं तिथली काजळी पुसली. माळ्याच्या तुळयांच्या खाचा होत्या. पहिली सही त्यानंच केली, दुसरी तिसऱ्याबाईंनी. मग बाईंनी शेजारणीकडचा चहा मागून घेतला, दोन कप.

मागच्या थंडीत त्या गेल्या. आता कुणी विमा कंपनीचं असं पत्र घेऊन आलं, की त्यांना बोलवायला माझा हात अजून फोनकडे जातो. सुमनताई नव्या माळ्याखालून वाकून चालतात, तेव्हा फार आठवण येते.

तुम्ही, दिल्लीत निवृत्त झालेल्या इंजिनियरांनो, सकाळी बागेत चकरा मारत देश कसा बिघडला ते सांगता ना? ती खुर्ची रिकामी आहे. या आणि बसा.