पांढरी मेंढी कोरताना

छत्रीच्या काड्यांना धार लावून केलेल्या कोरण्या. रसवंतीच्या भंगारातल्या चरकाचे रूळ घासून, गुळगुळीत करून उभं केलेलं छापायचं यंत्र. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, तुकड्यांवर कोरलेले बावीस ठसे. आणि त्यांतून छापलेलं, दोऱ्यानं शिवलेलं लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक... हे सगळं माझ्या हातचं. शाई तेवढी विकतची. खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका प्रकाशनातल्या मॅडमनी 'चित्रकाराचा परिचय' मागितला, तेव्हा मी हेच लिहून पाठवलं. लगेच फोन. "छान आहे, पण शिक्षण लिहायचं राहिलंय का?" म्हटलं, लिहायचं नाही, घ्यायचंच राहिलं.

संभाजीनगरात मी वीसेक वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले, पाट्या गेल्या... हात राहिले. लिनो कोरायला मी माझा मीच शिकलो. पहिलं वर्ष बोटंच जास्त कोरली गेली.

पुस्तकातली गोष्ट मात्र माझी नाही, आक्काची. माझी थोरली बहीण. आमचं घर मेंढपाळांचं, वैजापूरच्या पुढं वस्ती. दुपारी मेंढ्या लिंबाच्या सावलीला बसल्या की आक्का गोष्ट सांगायची आणि मी काडीनं फुफाट्यात मेंढ्या काढायचो.

तिचा एक नियम होता. मी मेंढी काढली की विचारायची, "ही कोणची?" नाव सांगता आलं पाहिजे. आपल्या कळपातली कुठली ते सांगता आलं नाही, तर ती सरळ पायानं पुसून टाकायची. मी रडायचो. तिला काही फरक पडायचा नाही.

माझं आर्ट स्कूल म्हणाल, तर ते हेच. चूक झाली की फुफाटा साफ, पुन्हा पहिल्यापासून.

गोष्ट आमच्या टिकलीची. कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी मेंढी. बाजाराच्या गर्दीत चुकली आणि तिसऱ्या दिवशी आपली आपण वस्तीवर आली. आक्का सांगायची तेव्हा प्रत्येक वेळी वाटेत तिला नवीन कुणीतरी भेटायचं. पुस्तकावर लेखिका म्हणून आक्काचंच नाव आहे. तिला वाचता येत नाही, पण गोष्ट तिची आहे.

मॅडमना पुस्तक मनापासून आवडलं होतं. पाच भाषांत काढू म्हणाल्या, शाळाशाळांत जाईल. फक्त एक बदल. "मेंढ्या फार काळ्या आणि वाळक्या दिसतात हो. पांढऱ्या, गुबगुबीत करा ना... मुलांना क्यूट वाटतील." शिवाय सगळे हक्क त्यांचे. उत्तर सोमवारपर्यंत.

आमच्याकडच्या मेंढ्या काळ्याच असतात. त्यांच्याच लोकरीची घोंगडी होते. हे मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मला माहितीय, पण दिल्लीतल्या मुलाला कुठं माहितीय?"

खरं सांगतो, मोह झाला. पाच भाषा म्हणजे थोडंथोडकं नाही. बसलो एक पांढरी मेंढी कोरायला...

लिनोत असं असतं की जे काळं हवं ते तसंच ठेवायचं, जे पांढरं हवं ते कोरून काढायचं. काळ्या टिकलीला लोकरीच्या बारीक रेघा आणि कपाळावर कोरणीचा एक टिपका दिला की झालं. पांढरी करायची म्हणजे आख्खी मेंढीच खरवडून काढावी लागते. काम संपलं तेव्हा ठशावर नुसती बाह्यरेषा होती, आणि मेंढी माझ्या तळहातावर... भुश्शाच्या रूपात.

परवा दोन्ही छाप घेऊन वैजापूरची एसटी धरली. आक्का ओट्यावर शेंगा निवडत होती. आधी पांढरी दाखवली.

"बाळू, मेंढरं धुतोस व्हय रं शहरात? लई साबण लागला आसंल."

"आक्का, नीट बघ की."

तिनं डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग मान वर करून विचारलं, "ही कोणची?"

पन्नाशी उलटली माझी. केस पिकले. पण त्या दोन शब्दांनी परत लिंबाखाली उभा राहिलो... आणि नाव सांगता येईना. आक्कानं कागद खाली ठेवला आणि अंगठ्यानं मेंढीवर एकदा पुसल्यासारखं केलं. शाई वाळलेली होती. पुसली गेली नाही ती.

मग काळी दाखवली. लगेच हसली. "टिकली हाय ही. पर कानाचा काप उजवीकडं कसा? आपल्या कळपाच्या खुणेचा काप डाव्या कानाला."

ठसा छापला की चित्र उलटं उमटतं. पाट्या रंगवलेल्या माणसाची अक्षरं चुकत नाहीत, पुस्तकातलं एकूणएक अक्षर मी बरोबर उलटं कोरलं होतं. कानाचं मात्र लक्षातच आलं नाही. टिकली जिथं जिथं आहे तिथं तिथं चुकलेली.

"मंग ही पुसू का?" आक्का.

"नको. मीच पुसतो."

परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. फार बरं वाटत होतं. माझं काम तपासणारं माणूस अजून आहे, आणि ते कुणाला सूट देत नाही.

कालपासून टिकलीचे सगळे ठसे नव्यानं कोरायला घेतलेत, काप डाव्या कानाला. पुस्तक मी माझ्याच यंत्रावर छापणार, निघतील तेवढ्या प्रती. सोमवारची वाट न बघता आजच मॅडमना फोन केला. मेंढ्या पांढऱ्या, हक्क सगळे त्यांचे, पाच भाषा, आणि मला एकरकमी तीन लाख पंचवीस हजार रुपये... नको म्हणून सांगितलं.