मधला तुकडा

तात्या गेले तेव्हा काकूचा त्यांच्याशी अबोला चालू होता. बातमी तिनं मला फोनवर सांगितली आणि सवयीनं म्हणाली, “त्यांस्नी सांग…” मग थांबली.

तात्या माझे थोरले चुलते. पळसदेवला त्यांची पपईची बाग. दोघांचं बिनसलं की निरोप माझ्यामार्फत जायचे, मी बारामतीत असले तरी. इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी मी त्या घरात सगळ्यांत जास्त बोलायचे. फक्त त्यातलं एकही वाक्य माझं नसायचं.

काकू नको म्हणत असताना तात्यांनी एकदा पपईची नव्या जातीची रोपं लावली. पानं आकसू लागली तसं काकूनं बोलणं बंद केलं. तात्या ती पानं ब्रेडच्या पिशवीत घालून मी काम करते त्या प्रयोगशाळेत आले आणि मशीनसमोर असे बसले, जणू चहा उकळायचाय. मी समजावलं, डीएनएच्या दोन पट्ट्या असतात. भरपूर तापवल्या की सुटतात, निवल्या की आपापल्या जोडीशी जुळतात. आम्ही मधे छोटे तुकडे टाकतो, ते रोगाच्या पट्टीला आधी जाऊन चिकटतात आणि रोग सापडतो.

“आन कोमटच केलं तर?”

“नीट सुटत नाहीत.”

“तेच म्हनतो मी. आमचं भांडाण कोमट हाय.” मग माझ्याकडं बघून, “आन मधला तुकडा तू.”

रोग निघाला. मी काकूला फोन लावणार, तर तात्यांनी अडवलं. एसटीनं घरी गेले आणि तुझंच खरं होतं, असं स्वतः तिला सांगितलं. काकू लग्नातल्या मानपानापासून सुरू झाली. ऐकू यावं म्हणून शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला. संध्याकाळी तिनं थेट त्यांनाच विचारलं, भाकरी किती टाकू? तात्यांचा लगेच फोन. “जुळलं बग. तुला सुट्टी.”

पुढं दोघांचेही फोन येईनात. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं.

मग तात्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू लागले. काकूनं सांगून पाहिलं, आणि पुन्हा अबोला धरला. या वेळी तापायला वेळच मिळाला नाही…

परवा मी पळसदेवला गेले होते. पडवीत त्यांची खुर्ची, पाठीवर टॉवेल तसाच. काकूनं माझ्या हातात चहा दिला.

“इचार त्यांस्नी, गोळ्या घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं?”

मी खुर्चीकडं वळले. “तात्या, काकू विचारतेय…”

“तू ऱ्हाऊ दे.” तिनं स्टूल ओढून खुर्चीसमोर घेतलं. “मी बोलती.”

मी कप घेऊन अंगणात आले. मागं तिचा आवाज चढत गेला. शेजारचा टीव्ही बंद झाला.