अण्णांच्या गाडीचा क्लच

आई गेली, तिला हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. बायकोला आजही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाही नीटसं कळत नाही. सांगतोय, एवढं खरं.

आमचे अण्णा कोपरगावकडचे गुरांचे डॉक्टर. गोदावरीच्या दोन्ही अंगांच्या गावांत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, नुसतं ‘डॉक्टर’. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची एक मोटार होती — काळी, लांब नाकाची, नगरच्या लष्करी लिलावातून घेतलेली. नोकरी संपली तरी गाडी सुटली नाही. रविवारी सकाळी ते एकटेच निघत. आईनं विचारलं, “कुठं?” तर म्हणत, “बघतो.” आणि खरंच, निघताना त्यांनाही ते माहीत नसे.

लहानपणी मी त्यांच्या डावीकडे बसायचो. त्या गाडीचा गिअर एका दाबात बदलत नसे. क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा — आणि मधल्या क्षणी इंजिन ऐकायचं. अण्णा मान किंचित कलती करून ऐकायचे. मग गिअर असा पडायचा, की कळूही नये. कालव्याच्या कडेची बाभळीची सावली, पेट्रोलचा वास, आणि ती कलती मान. आजही डोळे मिटले की मी तिथंच असतो. पण हे सांगून मी लांबवतोय, नाही का?

सत्तर साली एका अडलेल्या म्हशीनं त्यांच्या डाव्या गुडघ्यावर लाथ मारली. हाड जुळलं, पायात ताकद काही परत आली नाही. दोनदा क्लच दाबायचा म्हटलं की कपाळावर घाम यायचा. त्यातच गिअरबॉक्सचे दाते झिजले, आणि त्या गाडीचे भाग आता कुठून मिळणार? तेव्हा स्टेशन रोडच्या गंगाधर मिस्त्रीनं सुचवलं — इंजिन जुनंच ठेवू, मागं जीपचा नवा गिअरबॉक्स बसवू. त्याला क्लच एकदाच दाबला की पुरे. अण्णा इतके हरखले! रोज गॅरेजात जाऊन बसायचे. मिस्त्रीला काम सुचू द्यायचे नाहीत.

शेवटी क्लच तेवढा निवडायचा राहिला. त्या दिवशी अण्णांना गुडघा दाखवायला नाशिकला जायचं होतं. मला म्हणाले, “वसंता, तू जा. मिस्त्री म्हणेल तो घे.”

मिस्त्रीनं दोन क्लच फळीवर मांडले होते.

“हे बघा भाऊ. दोनीबी बसत्यात. ह्याच्या स्प्रिंगा नरम हायेत, पायाला हलका. त्यो दुसरा ट्रकचा, दाबायला लई जड. आपलं इंजिन म्हातारं, त्याला एवढा दाब लागतच न्हाई. आन् डॉक्टरांचा पाय बघता — हलकाच टाकू, व्हय ना?”

मी ट्रकच्या क्लचवर हात ठेवला. थंडगार होता. म्हणालो, “हा टाका.”

“का वो?”

“अण्णांनीच सांगितलंय. उसाचं बेणं वाहायचंय.”

अण्णांनी असं काही सांगितलं नव्हतं.

मी तेवीस वर्षांचा होतो. साखर कारखान्याच्या जीपवर गाडी शिकलो होतो, आणि अण्णा मला त्यांच्या गाडीचं चाक कालव्याच्या रस्त्यापलीकडे कधी देत नसत. मला ती हवी होती. बाजाराच्या दिवशी चाकामागं मी दिसायला हवा होतो — बस्स. अण्णांच्या जिवाची काळजी होती म्हणून केलं, असं म्हणता येईल का? पुढं मी त्यांची गाडी चालवायला लागलो, तेव्हा लोकांनी तसंच धरलं. म्हणायचे, पोरानं बापाला जपलं. मी कुणाचं खोडून काढलं नाही. पण त्या फळीपाशी उभा असताना काळजीचा विचारही माझ्या मनात नव्हता. अण्णांचा पाय मात्र होता. नीट, स्पष्ट. तो पाय हा क्लच दाबू शकणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर —

गाडी घरी आली. आईनं नारळ फोडला. अण्णा चाकामागं बसले, पाय ठेवला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि गुडघा थरथरायला लागला. पाय सटकला, गाडीनं धक्का खाल्ला, इंजिन बंद. पुन्हा. आणखी एकदा.

“जरा जड वाटतोय रे.”

“मिस्त्री म्हणाला, हलका टिकणार नाही. जुनं इंजिन आहे.”

“असं का? तो म्हणतो तर खरं असेल.”

ते उतरले. बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घालून आले आणि डावीकडं बसले. मी चाकामागं बसलो. पहिल्या गिअरला माझा पाय खाली गेला, आणि तेव्हाच अण्णांचाही डावा पाय समोरच्या रिकाम्या चटईवर दाबला गेला. प्रत्येक गिअरला तसंच. त्यांना ते कळतही नसावं. मी मात्र सगळा रस्ताभर तेवढंच बघत होतो.

पंधरा दिवसांनी मी गोठ्यात होतो. अंगणातल्या गाडीत अण्णा एकटेच बसले होते, इंजिन बंद. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, सगळं अंग पुढं टाकून ते पाय खाली रेटत होते. पेडल जाई, हात काढला की उसळून येई. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. गंगाधर मिस्त्रीकडं तो हलका क्लच अजून पडून होता. दोन दिवसांचं काम. नुसतं पुढं होऊन म्हणायचं होतं, अण्णा, चुकलं माझं. मी काय केलं? मी मागं सरकलो — म्हशीच्या आडोशाला — त्यांना दिसू नये म्हणून. पहिली गोष्ट तरी मी हावेनं केली होती. ही कशानं केली?

नंतर त्यांनी चाकाला हात लावला नाही. रविवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसत आणि मला विचारत, “वसंता, आज वेळ आहे का रे तुला?” ज्या माणसाला कुठं जायचं हे कुणाला सांगावं लागत नव्हतं, तो मला वेळ विचारत होता. सुरुवातीला मी नेलं. मग म्हणायला लागलो, पुढच्या रविवारी. ते म्हणत, “चालेल, घाई कुठाय?” मग एका रविवारी त्यांनी विचारलंच नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बाहत्तरच्या थंडीत ते गेले. गाडी पडवीत उभी होती, टाकीत पेट्रोल होतं.

आणि त्या सगळ्या रविवारी मला वेळ होता.