सरकारी माशी

माशीसाहेबांना दुसऱ्या कुणी ‘माशी’ म्हटलेलं खपायचं नाही. “मधमाशी म्हणा. माशी गुळावर बसते,” असं ते ठणकावून सांगायचे. म्हणूनच अख्ख्या बेलापूरनं त्यांचं नाव माशीसाहेब ठेवलं. स्वतः मात्र ते सर्रास माशीच म्हणायचे. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. दुष्काळ सरल्यावरचं साल होतं आणि मी घरात नवी सून होते. मधमाशा जगवायची योजना निघाली आणि हे गृहस्थ श्रीरामपूरहून सायकलला लाकडी पेटी बांधून आमच्या मळ्यात उतरले.

पेटीवर ‘शासकीय मालमत्ता’ असं रंगवलेलं होतं. ते आतल्या माशांनाही लागू आहे, अशी साहेबांची प्रामाणिक समजूत होती. बांधावरच्या बाभळीला आग्या मोहोळ होतं. त्या माशा खासगी, पेटीतल्या सरकारी. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, विचारलंच, “साहेब, कांद्यावर बसल्याली माशी सरकारी का रानातली, वळखायची कशी?”

“सरकारी माशी शिस्तीत बसते,” साहेब म्हणाले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

एकदा सासूबाईंच्या गालाला माशी चावली, तर धावत येऊन त्यांनी आधी काटा तपासला. “आमची नाही. आमची विनाकारण चावत नाही,” असा निर्वाळा दिला. सासूबाईंचा एक डोळा सुजून मिटला होता. उरलेल्या डोळ्यानं त्यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या, “मंग कारन लिहून देऊ का?”

आम्ही हसायचो, पण मामंजींचा जीव त्या पेटीत अडकला होता. अर्ध्या एकरात त्यांनी बियाण्यासाठी कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलांच्या गोंड्यांचे दांडे, धरले होते. पुढच्या सालचा सगळा कांदा त्या बियांवर होता. “माशी बसली तर बी, नाही तर नुसता गोंडा,” असं साहेब जाता-येता सांगायचे.

डेंगळे ऐन फुलात आले आणि साहेबांच्याच खात्याच्या दुसऱ्या टेबलावरून हुकूम सुटला. शिवारातल्या सगळ्या डेंगळ्यांवर कीड मारायची पावडर धुरळा. माणसं कमी, म्हणून धुरळणीही माशीसाहेबांकडेच आली. सकाळी माशी जगवायची, दुपारी मारायची. रजिस्टरं तेवढी वेगळी. आमच्या पडवीत पावडरीची पोती उतरली. साहेब त्यांच्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, “वहिनी, चुलीतली राख आहे का? चाळून द्याल?”

आळीतल्या सगळ्या चुलींची राख मी आणि सासूबाईंनी दोन दिवस चाळली. फॉर्मावर तिरकी रेघ न सोसणाऱ्या त्या माणसानं सरकारी यंत्रात राख भरून वाफान् वाफा धुरळला. पावडर माळावर खड्डा घेऊन पुरली. रजिस्टरात ‘धुरळणी पूर्ण’ असं लिहून खाली सही केली. मला त्या दिवशी त्यांच्याविषयी फार माया वाटली.

डेंगळे बियांनी लगडले. वरच्या साहेबांनी पाहणी केली आणि पावडरीला गुण आला असं लिहून नेलं. मधपेट्यांचा मात्र काही उपयोग दिसत नाही म्हणून योजना गुंडाळली आणि माशीसाहेबांना बढती देऊन पावडरीच्या कामावर दुसऱ्या तालुक्यात धाडलं. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. जायच्या दिवशी ते पेटी सायकलला बांधू लागले, तेव्हा मामंजी म्हणाले, “साहेब, माशा तरी ठिवा.”

“माशा सरकारी आहेत, बाबा,” साहेब म्हणाले. “मी पण.”

पुढच्या साली दुप्पट पावडर आली आणि नव्या साहेबानं ती समोर उभं राहून धुरळून घेतली. बाभळीवरचं मोहोळही गेलं. डेंगळे फुलले, पण मळ्यात काही गुणगुणेना. मामंजींनी जुन्या पातळाचा तुकडा माझ्या हातात दिला. रोज सकाळी मी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर तो फिरवत, पराग पोचवत हिंडायचे. बी निम्मंही धरलं नाही.

वाटेनं जाणाऱ्या बाया विचारायच्या, “काय करती गं?”

“सरकारी माशीची बदली झाली,” मी सांगायचे. “तिच्या जागंवर मी हाय.”