मुरत घातलेला समुद्र

आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत समुद्राच्या तळाचा गाळ येतो. त्यातली नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्यं मोजून कोणता थर कधी साचला, ते आम्ही काढतो. गाळ वाळवून, कुटून डब्यांत भरणारे आमचे एक मदतनीस उमरेडचे. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण गाळावर हुकूमत त्यांचीच. डबा सीलबंद केला, की आत तयार होणारा वायू निसटू नये, साठून स्थिरावा म्हणून तीन आठवडे झाकणाला हात लावायचा नाही. याला ते 'मुरवणं' म्हणत आणि घरच्या लोणच्यापेक्षा कडक पहारा ठेवत.

एकदा दिल्लीहून आलेल्या बड्या शास्त्रज्ञांनी सहज झाकण उघडून वास घेतला. आमच्या मदतनिसांनी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, पुन्हा सील केला आणि वर नवी तारीख टाकली.

"काहून उघडलं जी? आता तीन आठवड्यानं या."

साहेबांचं विमान संध्याकाळचं होतं. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

गेल्या दिवाळीत ते पहिल्यांदाच पुरीला जाऊन आले. समुद्र कसा वाटला, मी विचारलं. ते म्हणाले, "चांगला हाये जी. पण वरून पाणी भल्लं टाकून ठेवलं हाये."