एक जूनचे मामा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण समुद्रातल्या म्हाताऱ्यांची त्यांना भावकीसारखी खबर असे. शिपायाची नोकरी करता करता वाचनालयातली सगळी जुनी विज्ञान मासिकं त्यांनी वाचून काढली होती. तास मी घ्यायचे, पण मुलं ऐकायची मामांचं.

"थंड पाण्यातला एक शार्क हाय बाई, दीडशे वर्सांचा झाल्यावर वयात येतो म्हणं. आन् आमचं थोरलं विशीतच लगीन करा म्हणतंय!"

शिंपल्याची गोष्ट मात्र ते हसत सांगत नसत. पाचशे वर्षं जगलेला एक शिंपला माणसांनी समुद्रातून काढला आणि वय मोजायच्या नादात त्याचा जीव गेला. "वय कळलं, पर शिंपला गेला की," म्हणत ते कपाटाला कुलूप लावत.

मामांचा वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेला, त्यांच्या पिढीत निम्म्या गावाचा असतो तसा. मला वाटलं, खरी तारीख शोधावी आणि केक कापावा. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की बाई. एक जून काय वंगाळ हाय?" मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. माळशिरसकडच्या त्यांच्या गावातून ओळखीनं जन्मनोंदीचा उतारा मागवला आणि भर स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. टाळ्या पडल्या; मामा तेवढे तिथं नव्हते. हेडक्लार्कनी मात्र उतारा मागून घेतला आणि सेवापुस्तकाशी ताडून पाहिला. मामा तीन वर्षांनी मोठे निघाले. निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं.

महिनाअखेरीस त्यांना घरी बसवलं. मी मुख्याध्यापकांशी भांडले, त्यांच्यापुढे रडलेसुद्धा. ते कागदाकडे बोट दाखवत राहिले, आणि तो कागद मीच आणला होता. शिंपल्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. याची लाज मला आजही वाटते.

शेवटच्या दिवशी मामांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी माफी मागणार, तेवढ्यात तेच हळूच म्हणाले, "बाई, माजी तारीख कंची निगाली वो? मला कुणी सांगितलीच न्हाय."

मला साल तेवढं आठवत होतं.