पंतय पिलात आणि आमची मोटर

पप्पा गेले आणि तिसऱ्याच दिवशी ते मला खोटे वाटायला लागले.

घरी प्रार्थनासभा होती. जो उठेल तो म्हणत होता, मास्तर म्हणजे देवमाणूस. एकदम शांत. कधी आवाज चढवला नाही.

आवाज चढवला नाही?

अहो, उपदेश लांबला की आमचे पप्पा चर्चमध्ये सगळ्यांदेखत मनगटावरचं घड्याळ पाळकसाहेबांना दाखवायचे. कंडक्टरशी भांडायचे, पेपरवाल्याशी भांडायचे, टीव्हीतल्या माणसांशीसुद्धा भांडायचे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच. फुलांच्या फ्रेममध्ये फोटो, खाली जोडलेले हात.

माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप कॅलेंडरवरचा होत चालला होता. आणि खरं सांगते, मला भीती वाटली. वर्षभरानं मलाही ते असेच आठवले तर?

आज ते वर्ष झालं. म्हणून लिहितेय.

पप्पा सोलापुरात शाळेत इतिहास शिकवायचे. आम्ही मराठी ख्रिस्ती. दर रविवारी चर्चमध्ये सगळे उभं राहून विश्वासाची कबुली म्हणतात. त्यात येशूला मरणाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचं नाव येतं. पंतय पिलात.

लहानपणी मला ते 'पंत पिलात' ऐकू यायचं. मला वाटायचं, असतील कुणीतरी आपल्याकडचेच पंत, धोतर नेसून कचेरीत बसणारे. हे ऐकून पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. एका रविवारी मी चर्चला यायचं नाही म्हटलं आणि वर विचारलं, "पप्पा, येशू खरंच होऊन गेला कशावरून? पुरावा काय?"

आईनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता पप्पा घर डोक्यावर घेणार.

पप्पांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. चेहरा असा उजळला होता, जसं काही इतकी वर्षं कुणीतरी हे विचारावं म्हणूनच थांबले होते. त्या दिवशी त्यांचंही चर्च बुडालं.

ते म्हणाले, भक्तांचं राहू दे बाजूला, वैरी काय म्हणतात ते बघ. एक रोमन इतिहासकार होता. त्याला ख्रिस्ती लोकांचा मनस्वी तिटकारा. रोमच्या आगीबद्दल लिहिताना, शिवी हासडावी तसं, जाता जाता लिहून गेला की यांच्या ख्रिस्ताला पिलातानं मारलं. एका यहुदी इतिहासकारानंही उल्लेख केलाय. त्यात मागाहून कुणा भक्तानं मीठमसाला घातला, तरी मूळ काहीतरी उरतंच. पिलाताच्या नावाचा कोरलेला दगडसुद्धा सापडलाय.

मग म्हणाले, दुसरी कसोटी लाजेची. गुरूला चोरांच्या रांगेत क्रूसावर टांगलं, जवळच्या शिष्यानं ऐनवेळी ओळख नाकारली, असल्या गोष्टी कोण रचेल? रचायचंच तर माणूस चांगलं रचतो की.

चमत्काराला पुरावा मागू नकोस, म्हणाले, तो ज्याच्या त्याच्या विश्वासाचा भाग. पण हा माणूस होता आणि क्रूसावर मेला, एवढं विश्वास नसलेले इतिहासकारही बहुतेक मानतात.

पुढचं मी जन्मात विसरणार नाही.

"त्या कबुलीत येशूशिवाय दोनच माणसांची नावं आहेत बघ. एक त्याच्या आईचं. दुसरं त्याला मारणाऱ्याचं. जन्माला साक्ष आईची, मरणाला साक्ष वैऱ्याची. दोन्ही लागतात, बाळ."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे लिहिताना आत्ताही आलाय.

तर त्या तिसऱ्या दिवशी, सगळ्यांचं देवमाणूस-देवमाणूस चालू असताना, मागच्या खुर्चीवरून बसप्पाकाका उठले.

बसप्पाकाका आमचे शेजारी, भिंतीला भिंत. मूळचे मैंदर्गी गावचे. पप्पांचं आणि त्यांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. कारण पाणी. आमच्याकडे नळाला पाणी आलं की बंदी असूनही जो तो मोटर लावून ओढतो आणि गल्लीच्या टोकाच्या घरांना थेंब मिळत नाही. पप्पांनी महापालिकेत तक्रार केली आणि काकांची मोटर जप्त झाली.

आई पुटपुटली, आता हे काय बोलणार देव जाणे.

काका म्हणाले, "मास्तरचं आन् माजं वैर होतं, समद्यांना म्हाईत हाय. मोटरी धरायला गाडी आली, तवा मी बोललो, मास्तर, तुमच्यात बी मोटर हाय की. वाटलं, आता हा मानूस न्हाय म्हणतोय. घरात गेला, सोताच्या हातानं मोटर काढून आनली आन् माज्या आदी गाडीत ठेवली."

मग खाली बसता बसता म्हणाले, "लई भांडखोर मानूस. पन खोटं न्हाय."

हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या दिवशी आई ड्यूटीवर होती, मी कॉलेजला. संध्याकाळी पप्पा एवढंच म्हणाले होते, "मोटर गेली." आम्ही समजलो, जळाली. पुढं कितीतरी दिवस बादल्या वाहून आमचे खांदे गेले आणि आई त्या मोटरच्या कंपनीला शिव्या घालत राहिली.

गेली म्हणे. गेलीच होती की. गाडीत बसून गेली होती.

आईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती. मग रडली.

आणि मला पप्पांच्या त्या दोन कसोट्या आठवल्या. इतिहासाच्या मास्तरांच्या घरी चोरून लावलेली मोटर, म्हणजे लाजेची गोष्ट. आणि सांगणारा कोण, तर वैरी. अख्ख्या सभेत तेवढ्या एका माणसाच्या बोलण्यातून माझे पप्पा उठून उभे राहिले. तेच ते. तिरसट, भांडखोर, खरे.

हल्ली रविवारी मी चर्चला जाते. विश्वासाचं माझं मला अजून उमगलेलं नाही. पण पंतय पिलाताचं नाव आलं की मोठ्यानं म्हणते. शेजारचे वळून बघतात. बघू देत.

आज सकाळी बसप्पाकाकांनी भिंतीवरून हाक मारली, "पानी आलंय, भरून घ्या की."

भरून घेतलं, पप्पा. मोटर न लावता.

सलाम.